मिरीच्या मुळाशी

नोकरीतले किस्से सगळ्यांकडेच साठतात, पण ते घरी सांगून संपवता येतात. आमचे साठूनच राहतात. आम्ही मिरीच्या मुळांतले कृमी बघतो, आणि जेवताना कृमीचं नाव काढलं की घरचे ताटावरून उठतात! नवऱ्याला हेब्बाळच्या आयटी कंपनीत नोकरी लागली म्हणून मी सांगलीहून म्हैसूरला आले आणि हिनकलजवळच्या एका छोट्या खाजगी लॅबमध्ये चिकटले. तिथे आम्ही तिघंच. लॅब चालवणाऱ्या शैलामॅडम, नवीन नावाचा पोरगा आणि मी.

*

पहिल्या दिवशी मॅडमनी काचेच्या बशीत पाणी पुढे ठेवलं. मिरीच्या वेलाखालच्या मूठभर मातीतून निघालेलं, पण दिसायला अगदी स्वच्छ. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मी चक्क टेबल घट्ट धरलं. पारदर्शक धागेच धागे, सगळे वळवळणारे! एवढं मोठं गाव पायाखाली नांदतंय आणि आपण वरून चपला घालून हिंडतोय.

मॅडमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं. घरात मराठी, ओठावर कन्नड. "सुम्ने, उगाच घाबरू नकोस गं, सगळे वाईट नसतात," त्या म्हणाल्या. "तोंडात सुई आहे का बघ. सुई खुपसून मुळं चोखतात ते आपले चोर, अल्वा, हो की नाही?"

तेव्हापासून कुणी फारच गोड बोलायला लागलं की मी आधी सुई शोधते.

*

आमची पद्धत साधी आहे. टिश्यू पेपरवर माती पसरायची, खाली पाणी ठेवायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. जिवंत कृमी कागदातून वाट काढत पाण्यात उतरतात. एकदा टिश्यू संपले म्हणून नवीनने देवराज मोहल्ल्यातल्या होलसेल दुकानातून गठ्ठा आणला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बशा रिकाम्या! मेले की रुसले, काही कळेना.

मॅडमनी कागद नाकाशी धरला. गुलाबाचा घमघमाट. त्यांनी शांतपणे नवीनला विचारलं, "लग्नाला बोलावलं होतंस का त्यांना?"

*

माती तपासायला पाठवणाऱ्यांत कावेरम्मा मात्र वेगळ्याच. कोडगूतली, म्हणजे कूर्गची, त्यांची कॉफीची बाग, आणि एका उतारावर सिल्व्हर ओकच्या खोडांवर चढवलेली मिरी. नवऱ्याने लग्नानंतर स्वतःच्या हाताने लावलेली. नवरा गेला, आणि आता वेल पिवळे पडून गळायला लागले होते. त्यांनी आमच्याकडे माती पाठवली ती सावलीत वाळवून, चाळून, मलमलच्या कापडात बांधून. पाहुण्याला द्यायचं पीठ असावं अशी! खतासाठी माती तपासायला देतात ती अशीच वाळवून.

आमच्या बशीत एकही कृमी उतरला नाही. नवीन खुशीत फोन उचलणार, तेवढ्यात मॅडमनी त्याचा हात धरला. वाळलेल्या मातीतले मेले असणार आणि मेलेले पोहत नाहीत, त्या म्हणाल्या. मग त्यांनीच फोन करून ओली माती मुळांसकट मागितली. कावेरम्मांना ते जरा लागलंच. अशी चिखल लागलेली मुळं कुणाला द्यायची म्हणजे कसंतरीच वाटतं, असं त्या म्हणत राहिल्या.

*

त्या स्वतःच बस पकडून आल्या. केळीच्या पानात गुंडाळलेल्या मुळांवर गाठीच गाठी होत्या आणि त्या फोडल्या तशी पाण्याची बशी कृमींनी नुसती उकळायला लागली. मॅडमनी स्पष्ट सांगितलं. पिवळे वेल वाचणार नाहीत, उपटून जाळावे लागतील, म्हणजे जवळजवळ सगळा उतार. कावेरम्मांनी रिकामं केळीचं पान नीट घडी घालून ठेवलं. मग म्हणाल्या की गोठ्यामागचा एक वेल अजून हिरवागार आहे, तेवढा तरी ठेवता येईल का. मॅडम म्हणाल्या, त्याचीही मुळं आणा. मला मनातून फार वाईट वाटलं.

*

त्या हिरव्या वेलाच्या मुळांतही तेच चोर निघाले! मग तो हिरवा कसा? मॅडमनी गोठ्यामागची ती माती जेलीच्या बशीत घालून ठेवली. काही दिवसांनी बघतो तर मातीतली बुरशी जेलीवर पसरली होती आणि तिच्या तंतूंना बारीक बारीक फासे फुटले होते. कृमी सरपटत आला, फाशात मान गेली आणि पापणी लवायच्या आत फास आवळला. बुरशीने कृमी पकडला होता! इतकी वर्षं हेच काम केलेल्या मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. नवीन कुजबुजल्यासारखं बोलायला लागला. मला हात जोडावेसे वाटले.

आम्ही कावेरम्मांना बोलावून घेतलं. तोवर त्यांचा उतार उपटून झाला होता, राखही थंड झाली होती. मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की गोठ्यामागचा वेल तोडू नका, त्याची राखण मातीच करतेय. आणि हा जो फाशात अडकलाय ना, त्याच्याच जातीने तुमचा उतार खाल्ला.

कावेरम्मांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. नुकताच अडकलेला कृमी अजून जिवंत होता, जीव खाऊन तडफडत होता. त्या बघतच राहिल्या. आम्ही तिघं मागे उभे होतो.

डोळा न काढता त्या हळूच कन्नडमध्ये म्हणाल्या, "अय्यो, सोडवा ना त्याला."