दांग आजोबांचं स्टूल

"एका दिवसात शहर बघून होत असतं, तर सत्तर वर्षं मी इथे काय झोपा काढल्या?"

चीनमधल्या शिआन शहराच्या दक्षिण वेशीपाशी दांग आजोबा एका प्रवाशाला असं म्हणाले आणि तो प्रवासी ते तक्रारवहीत लिहून गेला. ती तक्रार घेऊन लुआन त्यांना भेटायला आली होती. ती पालिकेच्या पर्यटन खात्यात नवी होती, दक्षिण चीनमधली. नियमही नवा होता: वेशीपाशी लोकांना वाट सांगायची तर दंडावर लाल पट्टी हवी. पट्टी द्यायची की स्टूल उचलायला लावायचं, हे लुआनच्या अहवालावर ठरणार होतं.

आजोबा पूर्वी शहर बस चालवत. चार वर्षांपूर्वी बायको गेली. रिकाम्या घरात दुपार फार लांबायला लागली, तेव्हा स्टूल उचलून ते वेशीत येऊन बसले. पैसे घेत नसत. शहराच्या तटावर चढायचं तर संध्याकाळी पश्चिमेकडून पूर्वेकडे चालावं, ऊन पाठीवर राहतं, असं ते सांगत. जुन्या सम्राटाच्या थडग्यातले मातीचे सैनिक हजारो आहेत, त्यातला एकच चेहरा निवडून नीट बघावा. घरी गेल्यावर तोच आठवतो.

दुसरी तक्रार जास्त जड होती. आजोबा वाट सांगताना डावं-उजवं कधी म्हणत नसत, दिशाच सांगत. दक्षिणेकडचं एक जोडपं त्यांनी सांगितलेली उत्तर दिशा शोधत तासभर एकाच चौकात उभं राहिलं होतं. आजोबांना ते कळल्यावर ते स्वतः त्यांना शोधून हॉटेलपर्यंत सोडून आले होते. हे मात्र वहीत नव्हतं.

"तक्रारींचं बोलू की," आजोबा म्हणाले, "पण आधी जेवू."

गल्लीतल्या मटणाच्या दुकानात दोघांपुढे रिकामे वाडगे, कडक भाकऱ्या आणि नंबराचे बिल्ले आले. भाकरी आपणच कुस्करायची, वाडगा आत द्यायचा, मग स्वयंपाकी त्यात रस्सा घालून उकळतो. लुआनने बोलता बोलता चार मोठे तुकडे केले आणि वाडगा सरकवला. खात्याचं कार्ड पुढे ठेवलं: एका दिवसात आठ ठिकाणं. एवढं पाठ म्हणा, ती म्हणाली, आणि डावं-उजवं सांगा.

आजोबांनी कार्ड वाचलं. छान छापलंय म्हणाले. मग हात लांब करून त्यांनी प्रयत्न केला, "डावीकडे." लुआन समोर बसली होती. तिने उजवीकडे पाहिलं.

"बघ पोरी. माझं डावं ते तुझं उजवं. उत्तर मात्र दोघांची एकच."

तेवढ्यात खिडकीतून स्वयंपाकी ओरडला, "सतरा नंबर कुणाचा? रस्सा आत शिरायचा कुठून? विटा आहेत का या?"

दुकान हसलं. लुआनचे कान लाल झाले. वाडगा परत आला. आजोबांनी तिला बोटं कशी धरायची ते दाखवलं. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, त्याहून मोठा नाही. दोघं कुस्करत बसले. बायको झोपताना उशी जरा दक्षिणेला सरकव म्हणायची, ते त्यांनी सांगितलं. बस ज्या वळणावर हटकून बंद पडायची ते वळण सांगितलं. एकदा म्हणाले, "तुझ्या बाहीच्या उत्तरेला टेबलावरचं तिखट लागलंय," आणि लुआनने योग्य जागी पुसलं. तीही बोलली. सात महिन्यांत ती तटावर एकदाही चढली नव्हती.

पाऊण तास गेला. आठांपैकी तीन ठिकाणं एवढ्या वेळात उरकायची असं कार्डावर होतं.

वाडगा आला. प्रत्येक कणात रस्सा मुरला होता. लसणाच्या गोड लोणच्यासोबत तिने तो तळापर्यंत संपवला आणि तिथेच अहवाल काढून लिहिला. तिरपा करून आजोबांना वाचता येईल असा धरला. तिने लिहिलं होतं: पट्टी द्यावी. स्टुलासमोरच्या फरशीवर चार दिशा मोठ्या अक्षरांत रंगवाव्यात. बाहेरच्यांना उत्तर दिशा कुठे ते कळत नाही, हा दोष सांगणाऱ्याचा नाही.

तिने सोबत आणलेली लाल पट्टी टेबलावर ठेवली. "पण कार्डावरचं एखादं ठिकाण तरी सांगत जा, आजोबा. साहेब विचारतील."

आजोबांनी अहवाल दोनदा वाचला. पट्टीची घडी करून आतल्या खिशात ठेवली, बायकोचा फोटो असायचा त्या खिशात. बोटांना चिकटलेला भाकरीचा चुरा वाडग्यात झटकला. मग भिंतीला टेकवलेलं स्टूल काखेत मारलं आणि ते दाराबाहेर पडून दक्षिणेकडे, वेशीतल्या आपल्या जागेकडे वळले.