वाळूत निजणारा मासा

आमच्या हॉटेलात पाऊल टाकलं की मासेवाल्या मॅडमचं नाक आधी मुरडायचं. "शी! काचेवर बोटांचे किती डाग!" म्हणत त्या रुमालानं टाकी पुसायला लागायच्या. नगरच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. दर महिन्याला आईला शिर्डीला आणत. आई दर्शनाच्या रांगेत, तर या आमच्या लॉबीत, खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. मी तिथं रिसेप्शनवर होतो.

'रंगीत मासा' हे शब्द त्यांना शिवीसारखे लागत. "अहो, हा 'रास' जातीचा समुद्री मासा आहे. ओठ बघा, कसे जाड. आणि पोहताना शेपूट नाही, बाजूचे पर मारतो." मग दुसरा मासा दाखवून मला ओळखायला लावत. चुकलो की "राहू द्या" असं म्हणत, की मलाच माझी किळस यावी. बरोबर आलं की पर्समधली लिमलेटची गोळी मिळे.

टाकीतला रास नारिंगी होता, पाठीवर पांढरे ठिपके. काही महिन्यांत तो काळपट झाला, शेपूट पिवळी पडली. मालक म्हणाले, "रोग लागलाय. फेकून द्या."

"रोग नाही हो, वयात येतोय! यांचा लहानपणचा रंग वेगळा, मोठेपणचा वेगळा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घाबरला की हा वाळूत शिरतो, झोपतोही तिथंच. दिसला नाही म्हणजे मेला, असं समजू नका."

रामनवमीच्या गर्दीआधी मालकांनी टाकी उपसायला लावली. पाणी ढवळल्यावर रास दिसेना. "मेला आसंल कवाच," सफाईवाले मामा म्हणाले. मला माहीत होतं. पण मालक समोर होते. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. मामांनी वाळू मागच्या गटारात ओतली.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. टाकीच्या तळाशी निळ्या काचेच्या गोट्या बघून त्यांनी विचारलं, "वाळू कुठंय?" मी मागं बोट केलं. त्या गटारापाशी उकिडव्या बसल्या नि हातानं तो घाण चिखल चाळत राहिल्या. रास सापडला, मुंग्या लागलेला.

"तुम्हाला सांगितलं होतं ना मी?"

"मालक होते तिथं..."

त्यांनी नळावर बराच वेळ हात धुतले आणि गेल्या. परत कधी आल्या नाहीत.

मालकांनी मग उरलेले मासे देऊन टाकले आणि टाकीत प्लास्टिकचे मासे सोडले. एका गिऱ्हाईक बाईंनी कौतुकानं विचारलं, "ह्यो कंचा मासा वो?"

"मासा न्हाई बाई, प्लास्टिक हाय," मी त्यांच्याच बोलीत म्हणालो. " खरा व्हता, त्यो आमी जित्ता गटारात टाकला."

मालकांनी ते ऐकलं. पुढच्या आठवड्यात मी सुप्याच्या एका कारखान्यात कामाला लागलो.