मागच्या जिन्यानं जाणारी शहाळी

हडपसरच्या गाडीतळाजवळच्या त्या सोसायटीत बातमी अशी होती, की आजारी नवऱ्याला भेटायला येणारे जी शहाळी आणतात, ती विजयमाला तुपे मागच्या जिन्यानं नेऊन विकते. बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या आनंदीताईंनी काढलेली, म्हणजे निम्मी तरी खरी असणारच. शहाळी मागच्या जिन्यानं जात होती, एवढं खरं. पण विजयमाला ती कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या इम्तियाजला फुकट देत होती.

नाही तर काय करणार? साखरेनं तिच्या नवऱ्याच्या, संपतरावांच्या, किडन्या थकलेल्या. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि शहाळ्याइतकं निर्धोक दुसरं काय? भावजी म्हणाले, पाजा. मोबाइलमधल्या, बारा लाख लोकांनी पाहिलेल्या महाराजांनीही तेच सांगितलं. आनंदीताईंनी तर सहा आणून स्वतः फोडून दिली. संपतराव आठवडाभर रोज दोन प्यायले आणि आठव्या दिवशी त्यांना पाय उचलेनात. शहाळ्यातलं पोटॅशियम थकलेल्या किडन्यांना बाहेर टाकता येईना, ते रक्तात नको तितकं चढलेलं. तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले.

तिथल्या आहारतज्ज्ञ श्यामलाताईंनी विचारलं, "शहाळं कुणी सांगितलं?"

विजयमालानं नावं सांगितली.

"यांतल्या कुणी रिपोर्ट पाहिला होता?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी काय खावं, काय टाळावं याचा मराठीत छापलेला एक कागद दिला, त्यावर संपतरावांपुरत्या पेनानं खुणा केल्या, खाली तारीख आणि फोन लिहिला. "शंका आली की मला विचारा. आणि नवा रिपोर्ट आला की कागदही नवा." या बाईंचे उपकार विजयमाला अजून दिवसातून दोनदा आठवते, एकदा संपतरावांना जेवायला वाढताना आणि एकदा त्यांनी तोंड वाकडं केल्यावर.

कागद फ्रिजवर लागला, आणि सल्ला द्यायला येणाऱ्याला चहाआधी प्रश्न मिळू लागला: "रिपोर्ट पाहिलात का?"

एके दिवशी इम्तियाज म्हणाला, "वहिनी, अम्मी फार दुवा देते तुम्हाला. रोज शहाळं कुठं परवडतं आम्हाला?"

शहाळं विजयमालाच्या हातातच राहिलं. "अम्मीला काय होतंय?"

"काही नाही. शुगर, बीपी. पाय सुजतात जरा."

जगाला विचारत सुटलेल्या बाईनं नेमकं इथंच विचारलं नव्हतं. ती तशीच रिक्षात बसली, त्याच्या अम्मीला, नूरबानूंना, घेतलं आणि श्यामलाताईंचा दवाखाना गाठला. रिपोर्टात किडनीची तक्रार निघाली, पोटॅशियम नुकतंच चढू लागलेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

आता नूरबानूंच्या कपाटावरही कागद आहे, खुणा वेगळ्या. ईदला त्यांनी शीरखुर्मा पाठवला, एकच वाटी. सोबत निरोप: "ही विजयमालासाठी. संपतभाईंसाठी नाही, मी ताईंना फोन करून विचारलंय."

परवा जिन्यात आनंदीताई भेटल्या. पदराआड स्वतःचा रिपोर्ट, आणि तोंडानं, "काय बाई, अर्ध्या डॉक्टरच झालात तुम्ही."

विजयमाला म्हणाली, "अर्ध्या डॉक्टरांनीच आमच्या ह्यांना दवाखान्यात पोचवलं होतं, आनंदीताई. मला फक्त पूर्ण डॉक्टर कुठं बसतात ते माहीत आहे. चपला घाला, तुम्हालाही दाखवते."