स्वतःच्या हातानं फोडलेला नारळ

बुवांच्या हातावर कुणी प्रसाद ठेवला, की ते तो आधी अंगठ्यानं चोळून बघत आणि मगच तोंडात टाकत. यजमानांना ते खटकायचं. "खाणीतली खोड हाय, जाईना," असं म्हणून बुवा हसत. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याची नोकरी सुटते, पण हाताची सवय सुटत नाही.

बुवा उमरग्याचे कीर्तनकार. तरुणपणी कर्नाटकातल्या एका सोन्याच्या खाणीत दगडाचे नमुने दळून भुगा बोटांनी चोळून बघायच्या कामावर होते. मी बरीच वर्षं त्यांच्यामागं पखवाज वाजवला. गोकुळातून सुरुवात केली तरी दृष्टांताला बुवा खाणीतच उतरायचे, आणि आम्ही एकमेकांकडं बघून गालात हसायचो.

त्या वर्षी माकणीजवळच्या एका गावात सप्ताह होता. माझी धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. तिच्या मुलीला फिट यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. पण गावात एक महाराज येऊन राहिले. त्यांनी बहिणीच्या हातात नारळ दिला. तिनं तो फोडला, तर आतून मोगऱ्याची ओली फुलं निघाली. देवीनं कौल दिला, आता गोळ्या बंद, असं महाराजांनी सांगितलं आणि हिनं त्या बंद केल्या. सप्ताहातच पोरीला अंगणात फिट आली, जीभ चावली गेली. मी समजावून थकलो. बहिणीचं एकच, "दादा, म्या माझ्या हातानं फोडलाय."

काल्याच्या कीर्तनाआधी मी हे बुवांच्या कानावर घातलं. पण मंडपात आलो तर महाराज पुढच्याच रांगेत गादीवर बसलेले, मागं त्यांची माणसं.

बुवांनी जुन्या काळच्या ठगांची गोष्ट काढली. रिकामी खाण विकायची असली, की हे ठग बंदुकीत सोन्याचा भुगा भरून खडकावर झाडत. मग गिऱ्हाइकाला बोलावून त्याच्याच हातात घण देत. आपण फोडलेल्या दगडात सोनं चमकलं, की शहाण्यासुरत्या माणसालाही शंका येत नसे.

"फोडणारा हात कुणाचा ते इचारू नका," बुवा म्हणाले. "दगड कुणी दावला ते इचारा. देव खराच हाय, पर त्येच्या नावानं दिलेला नारळ खरा आसंलच असं न्हाय. नारळाच्या डोळ्यातून आत सोडलेल्या कळ्या पाण्यात उमलत्यात. आता दुकानातून कुठलाबी नारळ आणा अन् हितं फोडा."

नारळ आणायला कुणी उठलं नाही. महाराज नुसते हसत होते. मग माइक बंद झाला आणि महाराजांमागची पोरं उठून पुढं यायला लागली. मी पखवाज छातीशी धरला. बुवा खाली उतरले, गर्दीतून वाट काढत थेट माझ्या बहिणीसमोर जाऊन उभे राहिले. चारचौघांत तिची श्रद्धा उघडी पाडली म्हणून ती त्यांच्याकडं रागानं बघत होती.

बुवांनी हात जोडले. "माय, खाणीतबी फसलेला माणूस ठगावर चिडत नसतो, सांगणाऱ्यावर चिडतो. तू माझ्यावर राग धर, जलमभर धर. पर लेकराला आज गोळी दे."

ती पोरीचा हात धरून तरातरा निघून गेली. कुणीतरी बुवांच्या पाठीत रट्टा घातला. आम्ही कसेबसे जीपमध्ये चढलो. या म्हाताऱ्याबद्दल इतकी माया मला आधी कधी वाटली नव्हती.

त्या भागातून आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही. बुवांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

गेल्या वर्षी बुवा गेले. मी बहिणीकडं सांगायला गेलो.

"त्या माणसाचं नाव माझ्या घरात काढू नको, दादा," ती म्हणाली. मग फडताळातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी लेकीच्या तळहातावर ठेवली आणि पोरीनं ती गिळेपर्यंत तिथंच उभी राहिली.