दिवे बंद करून घेतलेली लेन्स

मैत्रिणींनो, श्रीरामपूरहून आत्ताच घरी आलोय आणि लेक माझ्याशी बोलत नाहीये. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

तिला पहिल्यांदाच फोटोचं काम मिळालंय, पुणतांब्याला एका मंदिरातल्या सप्ताहाचं. गाभाऱ्यात फ्लॅश चालत नाही. म्हणून तिच्या मिररलेस कॅमेऱ्याला कमी उजेडात चालेल अशी लेन्स बघायला गेलो होतो.

दुकानदार म्हणाला, "काकू, ही घ्या. झूम होत नाही, पण अंधारात एक नंबर."

झूम होत नाही आणि किंमत मात्र जास्त! मला तिथंच शंका आली. त्यात दुकानात ढीगभर दिवे. एवढ्या लखलखाटात कुठलाही फोटो चांगलाच येणार.

मी म्हटलं, "आधी दिवे बंद करा."

तो हसला, पण केले बंद. गल्ल्यामागच्या देव्हाऱ्यात निरांजन होतं. तेवढ्या उजेडात लेकीने रामाच्या तसबिरीचा फोटो तिच्याकडची जुनी झूमवाली आणि ही नवी, अशा दोन्ही लेन्सनी काढला. झूमवालीत सगळं पुसट. दुसरीत देवाचे डोळेसुद्धा स्पष्ट! मी मनातल्या मनात हात जोडले.

तर हा आतून सीलबंद खोका घेऊन आला.

"तो नको. जिच्यातून फोटो काढला, तीच द्या."

"आई, ती नुसती गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेली आहे! सगळ्यांनी हाताळलेली!"

"असू दे. माठ वाजवून बघितला की तोच घरी आणतो ना आपण?"

दुकानदाराने लगेच "बरं काकू" म्हणत तीच बांधून दिली.

इतक्या लगेच का दिली असेल हो? तुम्ही कुठली आणली असती?