साताऱ्याचे आतोबा

आमच्या आतोबांइतकी माणसं कुणी उज्जैनची करून दिली नसतील, आणि त्यांच्याइतकं उज्जैनचं व्हायला कुणी नाकारलंही नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वकील. सरहद्दीपलीकडून, सिंधमधून आलेल्या लोकांचे मुक्कामाचे परवाने वाढवून घ्यायचे, परत पाठवण्याची नोटीस आली तर ती थोपवायची आणि शेवटी त्यांना इथलं नागरिक करून घ्यायचं, हे त्यांचं काम. ‘हा मनुष्य इथलाच आहे’ हे दिवसभर सरकारला पटवून आतोबा संध्याकाळी माधवनगरला घरी येत आणि चपला काढता काढता म्हणत, “इथे काही खरं नाही. आपल्याकडे असं नसतं.”

आपल्याकडे म्हणजे साताऱ्याला. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकुनी करायला माळव्यात आले, त्याला दोन-अडीचशे वर्षं झाली. आतोबा स्वतः साताऱ्याला एकदाच गेले होते, कुणाच्या तरी लग्नाला. पाणी बाधलं आणि पंगतीआधीच परतले. तरी इथली चिंच त्यांना पुरेशी आंबट नव्हती, थंडी शिस्तीची नव्हती आणि माणसांना कशाची घाई नव्हती. ही सगळी तक्रार ते देवास गेटला उभं राहून, कचोरी खात, अस्सल माळवी हिंदीत करत. कचोरीवाला विचारी, “तो वकील साब, सातारा जा कब रहे हो?”

“बस, ये एक केस निपट जाए.”

सुनावणीआधी पक्षकारांची तालीम घरी होई. अधिकाऱ्याच्या भूमिकेत मी. माझ्या हळू बोलण्यावर ते वैतागत. “अरे, तू अधिकारी आहेस, ग्रंथपाल नाहीस! जरा तुच्छतेनं विचार.” मला ते कधीच जमलं नाही, त्यामुळे माझ्यासमोर पास झालेल्यांवर त्यांचा विश्वास नसे.

अशीच एक पास झालेली गोपीबाई. नानाखेड्याकडे राहायची, पापड करून विकायची. नवऱ्याबरोबर सिंधहून आली, नवरा इथे वारला, आणि तिकडे आता तिचं कुणीच उरलं नव्हतं. परवाना वाढवायला नकार आला होता. नागरिकत्वाच्या अर्जावरची सुनावणी ही शेवटची आशा. ती फसली तर जिथे दार उघडायला माणूस नाही तिथे परत जाणं.

फायली उचलायला मी बरोबर गेलो होतो. आतोबा त्या दिवशी फार सुरेख बोलले. माणूस जिथे राबतो, जिथे आपल्या माणसाला अग्नी देतो, तिथलाच होतो, असं काहीसं. अधिकारी खूश दिसला. गप्पांच्या सुरात म्हणाला, “बहुत अच्छा बोलते हैं आप. वैसे कहाँ के हैं?”

“हम सातारा के,” आतोबा उत्तरले.

“अच्छा! इधर कब आना हुआ?”

“दो-ढाई सौ साल हो गए होंगे.”

अधिकाऱ्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वकील साब, ढाई सौ साल में आप यहाँ के नहीं हुए, तो ये बाई इतने में कैसे हो गईं?”

आतोबांनी हात पुढे करून माझ्याकडे भलतीच फाईल मागितली. मी ती शोधू लागलो. तेव्हा, विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं जिला दहादा बजावलं होतं, ती गोपीबाई उठली.

“साहब, इनको कोई निकाल नहीं रहा. इसलिए ये सातारा के रह सकते हैं. मैं कहाँ की रहूँ?”

अधिकाऱ्यानं चष्मा पुन्हा लावला आणि तो लिहू लागला.

रिक्षात आतोबा म्हणाले, “पण मी खोटं काय बोललो?” पुढे गोपीबाईचं नागरिकत्व मंजूर झालं, तेव्हा त्यांनी कचोरीवाल्याला सांगितलं, “मुद्दा मेरा ही था. बोली वो.”

गेल्या थंडीत आतोबा गेले. सांत्वनाला येणाऱ्यांत त्यांनी उज्जैनचे केलेले पुष्कळ होते. गोपीबाई आली आणि आत्याजवळ सतरंजीवर बसली. आत्यानं विचारलं, “आपके गाँव में घर कैसा था?”

गोपीबाई दचकली. तिकडचं तिला आजवर फक्त अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, आणि तेव्हा ती दोन शब्दांत आटपून घ्यायची. आता ती सांगू लागली. मातीच्या भिंती, त्यांवर तिच्या आईनं बोटांनी काढलेले मोर, अंगणातलं बोराचं झाड, लांबच्या विहिरीचं गोड पाणी. “वैसा पानी यहाँ नहीं है,” ती म्हणाली, कुणाकडेही न बघता, निवांतपणे. आत्या हुंकार देत होती.

हे आतोबांना जाऊन सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. उठण्यासाठी मी हात टेकलासुद्धा. मग लक्षात आलं की मी त्यांच्याच घरी बसलो आहे.