पायरी म्हणून बोलावलेला विलासदादा

"मला विलास तांबेचं नाव हवंय. ठोसे नकोत," शहा सर म्हणाले.

मालाडच्या त्यांच्या ऑफिसात आम्ही दोघंच होतो. शहा सर प्रमोटर, म्हणजे बॉक्सिंगचे शो भरवणारे. मी त्यांची मॅचमेकर. कुणाची फाइट कुणाशी लावायची ते मी ठरवते. घरच्यांना हे काम अजून नीट कळलेलं नाही. घाटकोपरच्या मावशीने मध्यंतरी तिच्या दिराच्या मुलाचा बायोडेटा मला पाठवला होता, मुलगी बघून दे म्हणून. फोटोसकट.

शहा सरांचा नवा स्टार होता रोनित. वय बावीस, एकही फाइट हरलेला नाही. पण नवख्यांना कितीही लोळवलं तरी वरच्या फाइट्स मिळत नाहीत. त्यासाठी रेकॉर्डवर एक मोठं नाव लागतं. नाव जितकं प्रसिद्ध आणि माणूस जितका थकलेला, तितकं बरं. अशा बॉक्सरला आमच्याकडे स्टेपिंग स्टोन म्हणतात. पायरी. तोंडावर कुणी म्हणत नाही.

विलासदादा एकेकाळचा नॅशनल चॅम्पियन. मुलुंडला भाजी आणायला गेला तरी लोक सेल्फी मागतात. आता चाळिशीला टेकलेला. अलीकडच्या फाइट्स तो हरला होता आणि त्याला हरवणारे काही जण पुढे चॅम्पियन झाले. यूट्यूबवर यावरून भांडणं चालायची. विलास तांबे मोठा बॉक्सर, की मोठे बॉक्सर घडवायचा कारखाना?

मी त्याच्या घरी गेले. सुनंदावहिनींनी चहा दिला, पण कप जरा आपटूनच ठेवला.

"पोरगा कसाय?" दादाने विचारलं.

"फास्ट आहे. उजवा हात जड. तिसऱ्या राउंडच्या पुढे जायची वेळच आली नाही त्याच्यावर."

"म्हणजे तुझ्या शहाला पायरी पाहिजे."

मी चहात बघत बसले.

"बोल ना गं. यूट्यूबवर शेंबडी पोरं बोलतात, तू काय लाजतेस?"

"हो दादा. तसंच आहे."

"आता कित्याक परत?" वहिनी मध्येच म्हणाल्या. त्या चिडल्या की मालवणीत शिरतात. "मागच्या वेळी भुवई फाटली. एका डोळ्याने पेपर वाचत होते."

दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "सुनंदा, मी संपलोय का नाही ते लोक ठरवतायत. एकदा मला ठरवू दे." मग माझ्याकडे वळला. "एकच अट. सहा नाही, आठ राउंड."

मला धडकी भरली. या वयात आठ राउंड! मी शहा सरांना सांगितलं, सहाच ठेवा, दोघांसाठी बरं. रोनितलाही लांब फाइटची सवय नाही.

"आठ तर आठ! म्हातारा अजून दमेल," सर खूश झाले. "मॅडम, तुम्ही पायरी आणा. चढणाऱ्याची काळजी मी करतो."

डॉक्टरांनी दादाला तपासून पास केलं. वजन करायच्या दिवशी रोनित त्याच्या पाया पडला. पोरगा मनाने चांगला.

"सर, लहानपणी मी तुमचे व्हिडिओ बघायचो."

"मी पण तेव्हा लहानच होतो रे," दादा म्हणाला.

फाइट अंधेरीच्या एका हॉलमध्ये होती. वहिनी आल्या नाहीत. संपली की लगेच फोन कर, एवढंच म्हणाल्या होत्या.

पहिला राउंड रोनितचा. दुसऱ्यात त्याचा उजवा हात बसला आणि दादाचा गुडघा जमिनीला टेकला. रेफरी आकडे मोजायला लागला. हॉल ओरडत होता. शहा सरांनी मागून माझा खांदा थोपटला. "झकास मॅचमेकिंग!" मी दादाच्या कॉर्नरकडे बघत होते. कोचने टॉवेल टाकावा, म्हणजे फाइट थांबेल, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

टॉवेल पडला नाही. दादा उठला आणि त्याने रोनितला मिठी मारली.

याला क्लिंच म्हणतात. समोरच्याचे हात अडकवायचे, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकायचा आणि रेफरी सोडवेपर्यंत दम घ्यायचा. दिसायला रटाळ. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. दादाने पुढचे दोन राउंड हेच केलं. भार टाक, मोकळा हो, पोटात एक डावा, परत भार टाक. रोनित त्याला ढकलत राहिला. एवढा जड माणूस सारखा ढकलायचा म्हणजे काय होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पाचव्यात धाप लागून रोनितचं तोंड उघडं राहायला लागलं. सहाव्यात त्याचे हात हनुवटीवरून छातीवर आले आणि तिथून दादा मोजून मारायला लागला. आठव्यात तर पोरगा दोराला टेकून उभा होता. शहा सर माझ्याजवळून उठून कधी गेले, मला कळलं नाही.

तीन जज असतात. दोघांनी फाइट दादाला दिली, एकाने रोनितला.

मी वहिनींना फोन लावला. "वहिनी, दादा जिंकला!"

"ते राहू दे. उभे आहेत ना?"

"हो."

"मग त्यांना दे."

दादाने फोन कानाला लावला. सुजलेल्या ओठांनी "हूं, हूं" एवढंच करत राहिला. डोळे मात्र भरले होते.

आता आपली नोकरी गेली, या तयारीने मी मालाडला गेले. शहा सर एकदम फ्रेश.

"मॅडम, म्हाताऱ्याचं कमबॅक काय चाललंय बघा! फोन थांबत नाहीयेत. पुढच्या शोला त्याच्यासाठी कुणीतरी सोपा बघा."

"आणि रोनित?"

"त्याचं पण नाव झालं ना! साकीनाक्याच्या प्रमोटरला त्याच्या नव्या बॉक्सरसाठी एक नाव हवंय. देऊन टाकू."

बावीस वर्षांचा पोरगा, एक फाइट हरला आणि पायरी झाला.

मी दादाला फोन केला. तो हसला. "मला जे बघायचं होतं ते बघून झालं. शहाला सांग, तांबे रिटायर. आणि रोनितला एवढ्यात कुणापुढे उभा करू नकोस. त्याला मुलुंडला पाठव. क्लिंच शिकवतो."

दोन्ही गोष्टी सांगितल्यावर शहा सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. रोनित मुलुंडला जायला लागला. यूट्यूबवरची भांडणं अजून तशीच चालू आहेत. मला कुणी विचारलं, तर एवढंच सांगते. पायरी कोण आणि चढणारा कोण, हे शेवटची घंटा झाल्यावर कळतं. पोस्टर मात्र आधी छापावं लागतं.